उत्तरेकडे पाठ

एप्रिलमधल्या एका मंगळवारी, सकाळच्या चहाच्या वेळी, इंदुमती खोपकरांच्या घराने पाठ फिरवली. घर जागचं हललं नाही. फक्त रस्त्याकडे असलेलं त्याचं तोंड बागेकडे गेलं आणि बागेकडची पाठ रस्त्यावर आली.

इंदुमतीबाई तेव्हा स्वयंपाकघरात चहासाठी आलं किसत होत्या. कपाटातल्या कपबशा किंचित किणकिणल्या, खिळ्याला टांगलेला झारा एकदा हलला आणि खिडकीतून दिसणारं पेअरचं झाड हळूहळू एका बाजूला सरकत दिसेनासं झालं. मग थोडा वेळ खिडकीत नुसता अंधार होता. अंधार गेला तेव्हा समोर रस्ता होता, आणि रस्त्यावर उभा असलेला पोस्टमन थेट त्यांच्या सिंककडे बघत होता. बाईंनी गॅस बारीक केला.

"अहो," त्यांनी हाक मारली, "तुमच्या खोलीतून काय दिसतंय?"

दिवाणखान्यातून वासुदेवरावांचा आवाज आला. "पेअरचं झाड."

"मग घर वळलंय."

"असं कसं वळेल?"

"वळलंय खरं. पोस्टमन इकडे उभाय."

वासुदेवराव खुर्ची सरकवून उठले. मग म्हणाले, "अगं, पेपरवर ऊन पडलंय." त्या खोलीत ऊन ते पहिल्यांदाच पाहत होते.

चॅन्ट्री रो ही मार्लिंगफर्ड गावातली विटांच्या घरांची जुनी रांग. एकाला एक चिकटून उभी असलेली सात घरं, अठराव्या शतकात एका चामड्याच्या व्यापाऱ्याने बांधलेली. त्या काळी इंग्लंडात घराचं तोंड रस्त्याकडे ठेवायचं, मग ऊन कुठून का येईना, अशी रीत होती. रस्ता पडला उत्तरेला, त्यामुळे सातही घरं उत्तरेकडे तोंड करून उभी राहिली. तोंडाला व्यापाऱ्याने काही कमी केलं नव्हतं. एक वीट आडवी, एक उभी, अशी नेमकी रचना, सांध्यांत दोऱ्याएवढा चुना, प्रत्येक खिडकीवर घासून गुळगुळीत केलेल्या विटांची कमान, दारावर पंख्यासारखी उघडलेली काच. मागच्या बाजूचं मात्र कुणाला काही पडलेलं नव्हतं. तिथे जाडीभरडी वीट, वाटेल तिथे फोडलेल्या खिडक्या आणि सांडपाण्याचे पाइप. घरं सरकारी यादीत संरक्षित म्हणून नोंदलेली होती. ती सगळी मान्यता तोंडाची होती. पाठीबद्दल कुणी चांगलं बोललेलं इंदुमतीबाईंनी कधी ऐकलं नव्हतं.

बाई मूळच्या राजापूरच्या. तरुणपणी नर्स म्हणून इंग्लंडात आल्या आणि निवृत्त होईपर्यंत इथल्याच हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होत्या. वासुदेवराव बस डेपोत वेळापत्रकं बनवायचे. घर त्यांना मिळालं ते दमट म्हणून दुसऱ्या कुणाला नको होतं म्हणून. दर्शनी भिंत बारा महिने गार असायची, तिच्यावर शेवाळ धरायचं, आणि दिवाणखान्यात ठेवलेल्या पुस्तकांना पावसात विसरलेल्या चपलांसारखा वास यायचा. तरी दोघांचं त्या घरावर प्रेम होतं. तक्रार घरानेही कधी केली नव्हती.

वळताना त्याने काही मोडतोड केली नाही. नळाला पाणी होतं, दिवे लागत होते. गॅस कंपनीचा माणूस येऊन सगळे जोड तपासून गेला आणि म्हणाला की पूर्वीपेक्षा बरे आहेत. दाराच्या दगडी पायऱ्या आणि लोखंडी कठडा घराबरोबर बागेत गेले होते. त्यांच्याखाली गुलाबाचा वाफा आला, एवढं एकच नुकसान. आता घरात यायचं तर स्वयंपाकघराच्या दारातून यावं लागे. पाहुणे आल्या आल्या फोडणीत सापडत. पोस्टमन पत्रं देताना "आज काय शिजतंय?" असं विचारू लागला, आणि इतकी वर्षं घराच्या मागे एकट्याने स्वयंपाक केलेल्या इंदुमतीबाईंना हे मनापासून आवडलं.

रस्त्यावरून मात्र ते बरं दिसत नव्हतं, हे त्यांनाही कबूल होतं. सहा घरं तोंड करून उभी आणि मधलं एक पाठमोरं. ग्रुप फोटोत एखादा माणूस ऐन वेळी मागे वळावा, तसं.

शुक्रवारी नगरपालिकेतून मिस हॉलिस आल्या. जुन्या इमारतींचं खातं त्यांच्याकडे होतं. सडपातळ, नीटनेटक्या, कामाला चोख. त्यांनी रस्त्यावर उभं राहून पाठ पाहिली, बागेत जाऊन तोंड पाहिलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसल्या.

"परवानगी घेतली होती का?" त्यांनी विचारलं.

"कुणी?" इंदुमतीबाई म्हणाल्या.

"घराने. किंवा घराच्या वतीने तुम्ही."

"त्याने मला आधी सांगितलं नव्हतं."

"मिसेस खोपकर, संरक्षित इमारतीची साधी खिडकी बदलायची तरी परवानगी लागते. इथे पूर्ण दर्शनी बाजू गेली आहे."

"गेली कुठे? मागे आहे. तुम्ही आत्ताच पाहिलीत."

"दर्शनी बाजू मागे असून चालत नाही," मिस हॉलिस शांतपणे म्हणाल्या. "घर पूर्वी होतं तसं करून द्यावं लागेल."

"मी कसं करू?"

"ते आम्ही सुचवू शकत नाही. पद्धत मालकाने ठरवायची असते." त्यांनी चहा पूर्ण प्यायला, आलं चांगलं लागलंय असं सांगितलं आणि त्या गेल्या.

वासुदेवरावांनी हे फार मनाला लावून घेतलं. आयुष्यभर त्यांनी गाड्या वेळेवर सोडल्या होत्या. पुढच्या दाराचा रंग बदलायचा होता तेव्हासुद्धा पालिकेचं उत्तर येईपर्यंत त्यांनी रंगाचा डबा उघडला नव्हता. रविवारी नाश्ता झाल्यावर ते कोट घालून बागेत गेले, घराच्या समोर उभे राहिले, टोपी काढली आणि घराला कायदा समजावून सांगू लागले. आधी इंग्रजीत सांगितला, कारण घर इंग्रज होतं. मग मराठीत सांगितला, कारण गेली कित्येक वर्षं घराच्या कानावर तेच पडत होतं.

"तुझ्यावर कुणाचा राग नाही," ते म्हणाले. "पण सगळ्यांनी असं मनाला येईल तसं वळायचं म्हटलं, तर गाव चालायचं कसं?"

घराने ऐकून घेतलं. मग वरच्या मजल्यावरची एक खिडकी, जी रंगाने चिकटून बसल्यामुळे त्यांच्या देखत कधीच उघडली नव्हती, ती आपणहून वर सरकली. वासुदेवराव टोपी हातात धरून आत आले.

"नाही म्हणतंय," त्यांनी बायकोला सांगितलं.

इंदुमतीबाईंनी घराशी बोलण्याचा प्रयत्न केला नाही. पेशंटशी बोलण्याआधी त्याच्या अंगाला हात लावून बघायचा, ही त्यांची सवय. त्या रोज सकाळी बागेत जाऊन भिंतीवर तळहात टेकवत. पहिल्या आठवड्यात भिंत गार होती. मग कोमट लागू लागली. मे महिन्यात शेवाळ वाळून त्याच्या खपल्या पडू लागल्या, आणि त्या त्यांनी झाडूने गोळा करून पेअरच्या झाडाखाली टाकल्या. दिवाणखान्यातल्या पुस्तकांचा वास गेला. जिन्याजवळची भिंतीतली चीर, जी दोनदा बुजवून पुन्हा उघडली होती, ती एके दिवशी दिसेनाशी झाली. आणि विटांना रंग आला. गावातल्या लोकांना चॅन्ट्री रोची घरं काळपट तपकिरी म्हणूनच माहीत होती. या भिंतीचा रंग आता दर दिवसाला उजळत होता, आणि तो कुठवर जाणार हे बाईंना कळत नव्हतं.

"अंग धरतंय," त्या वासुदेवरावांना म्हणाल्या.

"धरू दे, पण कायद्याचं काय?"

कायद्याचं उत्तर जूनमध्ये आलं. पालिकेने नोटीस लावली. उन्हाळा संपायच्या आत घर उत्तरेकडे वळवावं, नाही तर पालिका ते स्वतः उतरवेल, प्रत्येक वीट मोजून घेईल आणि रस्त्याकडे तोंड करून पुन्हा बांधेल. दुसऱ्याच दिवशी एक ठेकेदार शिडी घेऊन आला आणि दर्शनी भिंतीच्या विटांवर खडूने आकडे घालू लागला. माणूस सभ्य होता, आकडे सुबक होते.

इंदुमतीबाई पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या अंगावर खूण करतात, ती त्यांनी हजारदा पाहिली होती. कित्येकदा ती चुकीच्या जागी आहे म्हणून सर्जनला परत बोलावलंही होतं.

"हे कशाला?" त्यांनी विचारलं.

"उतरवलं की कुठली वीट कुठे ते कळायला हवं ना, मॅडम."

"आणि त्याला काय झालंय म्हणून उतरवताय?"

ठेकेदाराने शिडीवरून खाली पाहिलं. "झालं काही नाही. उलट इतकी टणक जुनी भिंत मी पाहिलेली नाही. पण ऑर्डर आहे."

बाई आत गेल्या, बादलीत कोमट पाणी घेतलं, मऊ फडकं घेतलं आणि खालच्या रांगेपासून आकडे पुसायला सुरुवात केली. ठेकेदार शिडीवरून उतरला. शिडी उचलून निघता निघता त्याने बाईंचा हात पुरत नव्हता तिथले चार आकडे स्वतःच बाहीने पुसले.

संध्याकाळी जेवताना बाई म्हणाल्या, "मी भांडणार आहे."

वासुदेवरावांनी घास हातातच ठेवला. "पालिकेशी?"

"ज्याच्याशी भांडावं लागेल त्याच्याशी."

"अगं, नियम आहेत."

"तुमच्या नियमाने तो माणूस उद्या वीट न् वीट सुटी करून घर पटांगणात मांडेल. सगळं नीट बसवलं तरी ते पुन्हा तेच घर असेल का, सांगा मला."

वासुदेवरावांनी घास परत ताटात ठेवला. रात्रभर ते या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले.

असे वाद मिटवायला सरकार बाहेरगावचा एक निरीक्षक पाठवतं. त्यांचं नाव मिस्टर लोदर. बोलणं कमी, चष्मा जाड, आणि ऐकताना डोळे मिटायची सवय. सुनावणी जुलैमध्ये टाउन हॉलमध्ये ठेवली. हॉल भरला होता. मार्लिंगफर्डमध्ये घर वळल्याचं कुणाला फारसं नवल नव्हतं, पण परवानगीशिवाय वळल्यावर काय होतं, हे सगळ्यांना बघायचं होतं.

मिस हॉलिसनी पालिकेची बाजू मांडली. त्या चांगलं बोलल्या. घर सुंदर आहे, म्हणूनच ते जपायचं, असं त्या म्हणाल्या. पण एकटं घर महत्त्वाचं नाही, सात घरांची ओळ महत्त्वाची आहे. ती ओळ रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाची आहे. आता त्या माणसाला काय दिसतं? पाइप दिसतात. आणि जे बघण्यासारखं आहे, ते एका खासगी बागेत, भिंतीआड, दोन माणसांपुरतं उरलं आहे.

मग शेजारचे मिस्टर ऑल्डरिज उभे राहिले. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, आता निवृत्त. चॅन्ट्री रोमध्येच जन्मलेले. पालिकेकडे गेलेल्या तक्रारीवर पहिली सही त्यांचीच होती आणि एप्रिलपासून ते खोपकरांशी बोलले नव्हते.

"युद्धात या गावावर बॉम्ब पडले," ते म्हणाले. "माझी आई मला जिन्याखाली घेऊन बसायची. आजूबाजूला सगळं हलत होतं. ही सात घरं हलली नाहीत. एकमेकांना धरून, एकाच दिशेला बघत उभी राहिली. मी असं समजत होतो की ती कायम तशीच राहतील."

ते थांबले. मिस्टर लोदरनी डोळे उघडले. "आणखी काही?"

"आहे. पण ते कायद्यात बसतं की नाही, मला माहीत नाही." ऑल्डरिजसाहेबांनी कोटाचं बटण लावलं, पुन्हा काढलं. "माझ्या आणि खोपकरांच्या घरात एकच भिंत आहे. मिस्टर खोपकर त्या भिंतीशी खुर्ची टाकून पेपर वाचायचे. रोज सकाळी ते खोकायचे. मी एकटा असतो. तो खोकला आला की मला कळायचं, सकाळ झाली, सगळं ठीक आहे. घर वळल्यापासून त्यांची ती भिंत पलीकडच्या शेजाऱ्याकडे गेली. माझ्याकडे आता जिना आला आहे. जिन्यात कुणी खोकत नाही."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मिस्टर लोदरनी ते लिहून घेतलं.

तेव्हा वासुदेवराव उठले. त्यांचं नाव बोलणाऱ्यांत नव्हतं आणि परवानगीशिवाय ते आयुष्यात कुठे बोलले नव्हते. इंदुमतीबाईंनी त्यांच्या बाहीला हात लावला, तो त्यांनी हळूच बाजूला केला.

"मी खुर्ची हलवीन," ते म्हणाले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "जिन्याखाली जागा आहे. तिथे दिवा लावून घेईन. ऑल्डरिज, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. मी इतके दिवस तिकडच्या माणसाला त्रास नको म्हणून दाबून खोकत होतो." मग ते निरीक्षकांकडे वळले. "साहेब, मी कायदा पाळणारा माणूस आहे. मी या घराला स्वतः सांगून पाहिलं. त्याने ऐकलं नाही. पण गेल्या तीन महिन्यांत माझं घर पहिल्यांदा कोरडं आहे, आणि ते पाडावं असं मला वाटत नाही. एवढंच."

ते खाली बसले. इंदुमतीबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी उगाचच चष्मा पुसायला घेतला.

"मिसेस खोपकर," मिस्टर लोदर म्हणाले, "वळण्याआधी घराने काही लक्षण दाखवलं होतं का?"

"अंग गार होतं. उत्तरेची बाजू ओली असायची. पण कण्हलं कधी नाही."

"ते का वळलं असेल, असं तुम्हाला वाटतं?"

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी कागद आणला नव्हता.

"मी वॉर्डात काम केलं," त्या म्हणाल्या. "जो पेशंट आपणहून कुशीवर वळू शकत नाही, त्याला आम्ही वळवायचो. सकाळी, दुपारी, रात्री. नाही वळवलं तर अंगाला जखमा होतात. असा महिनोन्महिने एका अंगावर पडलेला माणूस एखाद दिवशी स्वतःहून वळायचा. त्या दिवशी आम्ही सगळ्या वॉर्डला सांगायचो. डॉक्टर जेवत असले तरी बोलावून आणायचो. त्याच्या घरच्यांना फोन करायचो. माझ्या सगळ्या नोकरीत एकाही डॉक्टरने असं म्हटलं नाही की, सिस्टर, याला परवानगी होती का? याला पुन्हा पहिल्यासारखं निजवा." त्यांनी मिस हॉलिसकडे पाहिलं. "तुम्ही म्हणता लोकांना दिसत नाही. बरोबर आहे तुमचं. बागेच्या टोकाला नदीकाठची पायवाट जाते. तिथे आमचं फाटक आहे. ते मी आजपासून उघडं ठेवते. ज्याला बघायचंय त्याने यावं."

मिस्टर लोदरनी डोळे उघडले. मग त्यांनी टोपी घेतली. "चला, बघू," ते म्हणाले.

सगळा हॉल त्यांच्यामागून निघाला. नदीकाठच्या वाटेने, फाटकातून, एकेक करत माणसं बागेत आली. दुपार होती आणि आकाश निरभ्र होतं. लोक गवतावर उभे राहून वर बघू लागले.

घराचं तोंड उन्हात होतं. शेवाळाचा ठिपका उरला नव्हता. विटा लाल होत्या, पण एकच लाल नव्हे. काही डाळिंबाच्या दाण्यासारख्या, काही शेंदरी, आणि खिडक्यांवरच्या कमानी त्याहून उजळ, जवळजवळ केशरी. बारीक सांध्यांतला चुना पांढराशुभ्र दिसत होता. आडवी वीट, उभी वीट, आडवी वीट, अशी ती नक्षी छपरापर्यंत चढत गेली होती. दारावरच्या पंख्याच्या काचेत सूर्य पडून त्याची किरणं पायऱ्यांवर पसरली होती. वरखाली सरकणाऱ्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या.

व्यापाऱ्याने या विटा निवडल्या तेव्हा त्या कशा दिसत असतील, हे त्या दिवसापर्यंत गावात कुणालाच माहीत नव्हतं. भिंत उभी राहिली तीच सावलीत.

मिस हॉलिस पुढे झाल्या. त्यांनी हातमोजा काढला आणि भिंतीवर तळहात टेकवला. बराच वेळ तो तसाच ठेवला.

"ऊबदार आहे," त्या म्हणाल्या.

"आता असते," इंदुमतीबाई म्हणाल्या.

मिस्टर लोदरनी घराला उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे चालत पाहिलं. मग पायरीवर उभे राहून त्यांनी तिथेच निर्णय सांगितला.

"हे घर होतं तसंच्या तसं आहे," ते म्हणाले. "एक वीट कमी नाही, एक जास्त नाही. ते वळलं आहे, हे खरं. पण हा कायदा इमारतीचं माणसांपासून रक्षण करण्यासाठी आहे. इमारतीचं इमारतीपासून रक्षण करा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. पालिकेची नोटीस रद्द. घर त्याला हवं तिकडे बघेल."

बागेत एकच आरडाओरडा झाला. पोस्टमनने टोपी उडवली ती पेअरच्या झाडात अडकली. शिडीवाला ठेकेदार गर्दीत होता, त्याने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. वासुदेवरावांनी सगळ्यांदेखत बायकोचा हात हातात घेतला, जे त्यांनी लग्नातल्या विधीनंतर केलेलं नव्हतं, आणि बाई रडू आवरत म्हणाल्या, "सोडा, लोक बघतायत." पण हात त्यांनीही सोडला नाही.

त्या गोंगाटात आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ऑल्डरिजसाहेबांच्या घरातून कपबशा किणकिणल्याचा आवाज आला.

"माझी मांजर आत आहे," ऑल्डरिजसाहेब म्हणाले.

सगळे तिकडे वळले. ऑल्डरिजसाहेबांच्या घराची पाठ, तिच्यावरचे पाइप, न्हाणीघराची वेडीवाकडी खिडकी, हे सगळं हळूहळू बाजूला सरकत गेलं आणि त्याच्यामागून एक कोपरा आला, मग कठडा, मग दार. पहिल्या मजल्याच्या खिडकीत मांजर बसलं होतं. ते गर्दीवरून शांतपणे नजर फिरवत सरकत आलं आणि घर थांबल्यावर डोळे मिटून उन्हात पसरलं. भिंत अजून शेवाळलेली, काळपट होती. ऑल्डरिजसाहेब कुंपण ओलांडून तिच्याजवळ गेले. इंदुमतीबाईही त्यांच्यामागे गेल्या आणि त्यांनी भिंतीवर हात ठेवून पाहिला.

"गार आहे," त्या म्हणाल्या. "काळजी करू नका. सप्टेंबरपर्यंत रंग येईल."

"मला वाटलं होतं, या घराला माझी सोबत पुरते," ऑल्डरिजसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसतही होते.

मग पलीकडचं घर वळलं. मग त्याच्या पलीकडचं. कायद्याने वागणारी घरं होती ती, निकालापर्यंत थांबली होती. प्रत्येकाने आधीच्याचं पूर्ण होऊ दिलं आणि मगच सुरुवात केली. प्रत्येक वेळी नवं तोंड बागेकडे आलं की लोक टाळ्या वाजवत होते, आणि ज्याचं घर तो माणूस पुढे होऊन सगळ्यांशी हात मिळवत होता. फक्त कोपऱ्यावरचं सातवं घर अर्धंच वळलं आणि पूर्वेकडे तोंड करून थांबलं. त्याला तिकडे काय बघायचं होतं, हे कुणी विचारलं नाही.

मिस हॉलिस आणि मिस्टर लोदर फाटकाजवळ उभे होते.

"ओळ पुन्हा एकसारखी झाली," मिस हॉलिस म्हणाल्या. कोपऱ्यावरच्या घराकडे बघून त्यांनी पुस्ती जोडली, "जवळजवळ."

"पुरेशी," मिस्टर लोदर म्हणाले आणि स्टेशनकडे चालू लागले.

त्या उन्हाळ्यात चॅन्ट्री रोचं रूप बदललं. रस्त्यावर आता जवळजवळ सगळी स्वयंपाकघरं आली होती. लोक दाराबाहेर खुर्च्या टाकून वाटाणे सोलत बसू लागले. मागच्या बाजूची कुंपणं निघाली आणि नदीवरून फिरायला येणारी माणसं गवतावर बसून लाल होत चाललेली सहा घरं आणि सातव्याची कड बघत डबे खाऊ लागली. दूरदूरच्या गावांतून आर्किटेक्ट आले. वासुदेवरावांनी त्यांच्यासाठी भेटीचं वेळापत्रक तयार केलं आणि ते काटेकोरपणे पाळलं गेलं.

ऑक्टोबरमध्ये, बाजाराच्या दिवशी, मिस हॉलिस घाईघाईने आल्या. चौकातल्या जुन्या धान्यबाजाराच्या इमारतीबद्दल त्यांना बोलायचं होतं. विटांची मोठी इमारत, वर घड्याळ, समोर चार खांब.

"खांब वाकायला लागलेत," त्या म्हणाल्या. "इंजिनिअर म्हणतात पाया उत्तम आहे, कुठे काही खचलेलं नाही. आम्हाला असं वाटतं की त्याला बसायचं आहे."

"उभा किती वर्षं आहे?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"आमच्या कुणाच्याच आठवणीत बसलेला नाही."

बाईंनी हात पुसले आणि शाल घेतली. दोघी चौकात आल्या. बाईंनी इमारतीभोवती एक फेरी मारली, दगडी पायथ्यावर हात ठेवला आणि मागे टेकायला काही आहे का ते पाहिलं. मागे बँकेची भक्कम भिंत होती.

"बसू दे त्याला," त्या म्हणाल्या. "घाई मात्र करू देऊ नका. आणि घड्याळ सांभाळा."

मिस हॉलिसनी हात वर करून लोकांना मागे व्हायला सांगितलं. भाजीवाल्यांनी आपापल्या मांडवाच्या काठ्या उचलल्या, कोबीच्या पेट्या थोड्या पलीकडे घेतल्या, जरा जागा करून दिली, आणि धान्यबाजार खाली बसला.